इंजिन खोलण्याआधी पुठ्ठा अंथरा

"माझी पेट्रोल गाडी १७ वर्षांची आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. गेले तीन महिने कूलंटची बाटली दर पंधरा दिवसांनी खालच्या रेघेच्या खाली जाते. मी अर्धा लिटर नळाचं पाणी ओतते, पुन्हा तेच. गाडीखाली डबकं वगैरे काही नाही. फक्त रात्री फार गार पडलं की सकाळी पुढच्या बाजूला बशीएवढा ओला डाग दिसतो. लांबून आले की बॉनेटपाशी गोडसर वास येतो. तापमानाचा काटा मात्र कायम मध्यावर. सकाळी दोन मिनिटं सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तेवढ्यावरून मेकॅनिक म्हणाला की हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. शेजारचे काका म्हणतात, जुन्या गाडीला पाणी पाजत राहायचं. भाऊ गळती बुजवणारी भुकटी घेऊन आलाय. घरचे म्हणतात, विकून टाक. मी कुणाचं ऐकू?"
— गाडी न विकणारी

ताई, आत्ता यातलं कुणाचंच ऐकू नका. भुकटी भावाला परत द्या, विकायचा विषय महिनाभर पुढे ढकला, आणि मेकॅनिकला सांगा की इंजिनाला पाना लावायच्या आधी एक साधी चाचणी करून दाखव. ती कोणती ते पुढे येतंच आहे. आधी तुमच्या पत्राबद्दल बोलू, कारण निम्मं निदान तुम्हीच लिहून पाठवलंय.

तुमची बाटली रिकामी होते. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील करणारी पट्टी. ती फुटून सिलिंडरमधला वायू कूलंटच्या वाटेत घुसायला लागला की बहुतेक वेळा उलटं घडतं. बाटली भरून वाहते, तिच्यात बुडबुडे येतात. तुमच्याकडे मात्र इंजिन गार होताना रेडिएटर बाटलीतलं कूलंट आत ओढून घेतोय. म्हणजे आतलं कमी झालेलं भरून काढलं जातंय आणि गळतीची जागा बारीक आहे. भोक मोठं असतं तर रेडिएटरने तिथूनच हवा ओढली असती आणि बाटलीची पातळी तशीच राहिली असती. (हे सगळं बाटली स्वतः धड आहे असं धरून. १७ वर्षांचं प्लॅस्टिक आहे, तिचा तळ एकदा हाताने चाचपून घ्या.)

आता तो पांढरा धूर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सायलेन्सर गार असेपर्यंत ती वाफ आपल्याला दिसते, तो तापला की दिसेनाशी होते. दोन मिनिटांत थांबणारा धूर म्हणजे बहुधा एवढंच. इंजिन पुरतं तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर मी तुमच्या मेकॅनिकच्या बाजूने बोलेन.

गार रात्रीचा डाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थंडीत रबर कडक होतं, आणि प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम, लोखंड आपापल्या मापाने आकसतात. दिवसा गरम असताना फुगून घट्ट बसलेला सांधा पहाटे सैल पडतो आणि तिथून थोडं झिरपतं. गाडी सुरू केली की पुन्हा बंद. अशी गळती गॅरेजमध्ये सापडत नाही, कारण तुम्ही गाडी चालवत तिथे पोचता तेव्हा इंजिन गरम असतं आणि सगळं कोरडं ठणठणीत. मेकॅनिकला बाहेर काही दिसलं नाही म्हणून तो थेट आतल्या गॅस्केटवर गेला असावा.

आणि डबकं का नाही? हिशोब करून बघा. पंधरा दिवसांत अर्धा लिटर म्हणजे दिवसाला ३३ मिलिलिटर, चहाचे सात चमचे फार तर. तेवढं कूलंट तासाभराच्या प्रवासात थेंबाथेंबाने गरम ब्लॉकवर पडलं तर जमिनीपर्यंत पोचतच नाही. वाफ होऊन जातं आणि मागे तुम्हाला आलेला तो गोडसर वास ठेवतं. कूलंटमधल्या ग्लायकॉलचा वास आहे तो.

माझा संशय सांगतो, पण तो संशयच समजा. होज पाइपचं एखादं टोक, वॉटर पंप, किंवा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा. याच क्रमाने.

मी इतका सावध का बोलतोय? मी स्वतः यात तोंडघशी पडलोय म्हणून. माझ्या पहिल्या गाडीचं कूलंट असंच जायचं. रेडिएटरचा पुढचा भाग ओला दिसला म्हणून मी नवा रेडिएटर बसवला, एक अख्खी सुट्टी त्यात घालवली, हात सोलवटून घेतले. पंधरा दिवसांनी नवा रेडिएटर तसाच ओला. गुन्हेगार निघालं वरचं झाकण. त्याचं रबर चिरलं होतं, कूलंट झाकणातून बाहेर येऊन खाली ओघळत होतं आणि पंख्याचा वारा ते सगळीकडे उडवत होता. झाकण बदलायला एक मिनिटही लागलं नाही. तेव्हापासून मी ओला भाग बघतो तो खालून वर. ओल खाली उतरते, वाऱ्याने मागे सरकते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू सापडेपर्यंत बोट कशावरच ठेवायचं नाही.

काम सुरू करण्याआधी एक कडक सूचना. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरून नाही, "जरासंच सैल करून बघते" म्हणून तर मुळीच नाही. पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं असलेलं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. झाकण आतला दाब धरून ठेवतं म्हणून तेच मिश्रण १२० अंशांच्या पुढेही द्रवच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि आतलं सगळं एका क्षणात उकळून तुमच्या तोंडावर येतं. वरचा जाड होज पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला की मगच हात घाला. दुसरं, विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. ओढणी, बाही, केस सांभाळा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

पहिलं काम घरचंच. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, रेडिएटरचं झाकण काढून आत बघा. फक्त बाटली बघून चालत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, बाटली वरच्या रेघेपर्यंत भरा, पातळीवर मार्कर पेनने एक खूण करा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. रात्री गाडीखाली मोठा कोरडा पुठ्ठा अंथरा आणि पुढची दोन्ही चाकं कुठे येतात ते त्यावर आखा. सकाळी डाग दिसला की बोटाने चोळा. रंगहीन, बिनवासाचा आणि झटकन वाळणारा डाग एसीच्या पाण्याचा, त्यात दोष काही नाही. बोटाला बुळबुळीत लागणारा, रंगाची छटा असलेला, चिकटसर वाळणारा डाग आपला. तीन महिने नळाचं पाणी ओतल्यामुळे तुमचा रंग फिका झाला असणार, म्हणून बोटावर जास्त भरवसा ठेवा. चाटून बघू नका. हे गंमत म्हणून सांगत नाही, जुने मेकॅनिक खरंच तसं करत, आणि एथिलीन ग्लायकॉल विष आहे. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडक्यानेही दगावतात. पुठ्ठाही सकाळी लगेच उचला.

हातात असलेलं झाकण तसंच परत लावू नका, जरा निरखा. खालच्या बाजूला रबराची चकती असते. तिच्यावर गळ्याच्या कडेची खोल गोल खूण पडली असेल, रबर दगडासारखं कडक झालं असेल किंवा बारीक चिरा असतील, तर ते संपलं. मधोमध एक छोटी झडप असते, ती नखाने ओढल्यावर उघडून परत बसली पाहिजे. ती अडकली तर गाडी गार होताना वरचा होज पाइप चेपलेला दिसतो. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो, बहुधा ०.९ किंवा १.१. नवं झाकण त्याच आकड्याचं घ्या. जास्त आकड्याचं घेतलं तर जुन्या पाइपांवर आणि टाकीवर विनाकारण जास्त दाब येईल. गळती दुसरीकडे सापडली तरी १७ वर्षांचं झाकण मी बदलूनच टाकेन.

मग टॉर्च घेऊन बॉनेटखाली. ओल शोधू नका, वाळलेले डाग शोधा. कूलंट वाफ होऊन गेलं की मागे खपली राहते, पांढरट, हिरवट, नाहीतर गुलाबी, मिठाच्या खारासारखी. होज पाइपच्या प्रत्येक टोकाला, जिथे क्लिप बसते तिथे, वाकून बघा. मागची बाजू दिसत नाही तिथे मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढा. माझ्या काळी यासाठी दातांच्या डॉक्टरांसारखा छोटा आरसा ठेवायचो, अजूनही आहे, पण मोबाइल त्याहून बरा. पाइप टोकाजवळ अंगठ्याने दाबा. चांगला पाइप दाबल्यावर पुन्हा मूळ आकारात येतो. आतून कुजलेला पाइप मऊ, पिचपिचीत लागतो किंवा आत काहीतरी कुरकुरल्यासारखं होतं. मधला भाग ठणठणीत आणि टोकाजवळचे दोन इंच गेलेले, असं फार वेळा असतं, आणि ही झीज आतून होते म्हणून वरून पाइप काळाभोर, नव्यासारखा दिसतो. तेल गळून पाइपावर पडत असेल तर तो त्या जागी फुगतो. तोही गेलाच.

रेडिएटरच्या दोन बाजूंना काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या असतात आणि त्या ॲल्युमिनियमच्या जाळीला पत्र्याचे दात वळवून बसवलेल्या असतात. मध्ये एक रबरी पट्टी. त्या दातांच्या रांगेवरून प्रकाश फिरवा, खपलीची रेघ दिसते का बघा. वरच्या पाइपाचा प्लॅस्टिकचा गळाही बघा. जुनं प्लॅस्टिक तपकिरी पडून ठिसूळ होतं, आणि केसाएवढी चीर आतला दाब वाढल्यावरच उघडते.

वॉटर पंपावर थोडा वेळ घालवा. पंपाच्या एका बाजूला कूलंट असतं, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, आणि मध्ये एक सील. सील झिजून कूलंट बेअरिंगमध्ये गेलं तर बेअरिंग धुऊन निघेल आणि पंप जॅम होईल. म्हणून पंप बनवणारे त्या दोघांमध्ये मुद्दाम एक बारीक भोक ठेवतात, पाझरलेलं कूलंट बाहेर पडावं म्हणून. त्या भोकाला गळतीची जागा समजून एम-सील लावून बुजवणारे महाभाग मी पाहिलेत! ते भोक पंपाची तक्रारपेटी आहे. तिथे हलका वाळका डाग असेल तर घाबरू नका, जुन्या पंपाला तेवढं चालतं. पण भोकापासून खाली ओघळ उतरलेला दिसला, पुली हाताने हलवल्यावर डुगडुगली किंवा इंजिन चालू असताना तिथून घरघर ऐकू आली, तर पंप गेला. बेल्टजवळ हात नेण्याआधी इंजिन बंद करून चावी काढून घ्या, हे सांगायला नको. तुमच्या पुठ्ठ्यावरचा डाग बेल्टच्या बाजूला पडत असेल, तर पंपावरचा माझा संशय दुप्पट होईल. पत्रात तुम्ही "पुढच्या बाजूला" एवढंच लिहिलंय.

पंपाची एक अडचण आहे. बऱ्याच गाड्यांत तो टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) फिरतो आणि कव्हराच्या आत लपलेला असतो, भोक दिसतच नाही. अशा वेळी कव्हराच्या खालच्या कडेवर खपली शोधायची.

हीटरसाठी डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो. तो गळत असेल तर गोड वास गाडीच्या आत येतो, समोरच्या काचेवर पुसून न जाणारा तेलकट धूसरपणा जमतो, डावी-उजवीकडची पायपुसणी खालून ओली होतात. तुम्हाला वास बॉनेटपाशी येतो, त्यामुळे तिकडे फार खोलात जात नाही. पायपुसणी मात्र उचलून बघा.

हे करूनही जागा सापडली नाही, तर सुरुवातीला म्हटलेली ती चाचणी. तिला प्रेशर टेस्ट म्हणतात. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा, त्यावर दाबाचा काटा असतो. झाकणावर जो आकडा आहे तेवढाच दाब भरायचा, जास्त नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर त्या अवस्थेत गळती नाही. हलला तर गळती आहे, आणि इंजिन बंद व गार असल्यामुळे कूलंट वाफ न होता थेंबाने दिसतं, कधी बारीक फुस्स आवाजही येतो. तुमच्या बाबतीत ही चाचणी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधीच व्हायला हवी. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा आणि सांगा, "सकाळी चावी लावण्याआधी दाब भरा, मी समोर उभी राहणार आहे." चाचणी गरम इंजिनावर "उरकली" तर ती धरू नका. त्याच पंपावर झाकणही तपासता येतं.

दाब उतरतोय पण थेंब कुठेच नाही, असं झालं तर मात्र कूलंट आत जातंय. मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन तेलाची पातळी बघायची पट्टी, काढून बघा. तेल दुधाळ, कॉफीसारखं झालं असेल तर गंभीर आहे. तेल भरायच्या झाकणाखाली नुसता पिवळट फेस असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका. छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत आतल्या दमटपणामुळे तो जमतो. गॅस्केटची शंका उरलीच तर आणखी एक स्वस्तातली तपासणी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी निळा द्रव असलेली काचेची नळी धरून इंजिन चालवतात आणि आतली हवा त्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा वायू मिसळलेला असेल तर निळा रंग पिवळा होतो. तुम्हाला घरीही एक खूण बघता येईल. गार गाडी सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा दाब तिकडे पोचतोय. तापायच्या आधी पाइप कडक व्हायचं एरवी कारणच नसतं. यातलं काही दिसलं, तर मेकॅनिकचं बरोबर होतं असं मी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहीन. तो चुकलाच असं मी म्हणत नाही. त्याने दाखवलेला पुरावा अपुरा आहे, एवढंच.

गळती फारच किरकोळ असेल आणि दाबालाही दाद देत नसेल, तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून चार दिवस गाडी चालवायची आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघायचं. जागा पोपटी रंगात उजळून निघते.

आता दुरुस्ती. होज पाइप निघाला तर तुमचं नशीब. एकच पाइप गेला असला तरी त्याच वयाचे बाकीचेही बदला, कूलंट काढलेलंच आहे. जुना पाइप गळ्याला चिकटून बसलेला असतो. पक्कडीने पिरगाळून ओढलात तर प्लॅस्टिकचा गळा हातात येईल आणि मग खरोखरच रेडिएटर घ्यावा लागेल. जुना पाइप फेकायचाच आहे, तेव्हा ब्लेडने लांबीच्या दिशेने हळूच चिरून सोलून काढा, खालच्या गळ्यावर ओरखडा येऊ देऊ नका. गळ्यावरची खपली बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवा पाइप थोडं कूलंट लावून सरकवा, ग्रीस किंवा तेल नको. सिलिकॉनचा लेपही नको. गळ्यावर एक उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावरच बसवली की पंधरा दिवसांत पुन्हा झिरपतं. मुळात स्प्रिंगची क्लिप असेल तर तशीच लावा. गरम-गार होताना रबर फुगतं, आकसतं, आणि स्प्रिंग त्याच्यासोबत पकड बदलते. स्क्रूची क्लिप आवळली तेवढीच राहते, आणि फार आवळली की पट्टीच्या खाचा रबरात घुसतात. तुमच्या गाडीत १७ वर्षांत कुणीतरी स्प्रिंगच्या जागी स्क्रूची क्लिप लावली असेल, तर गार रात्रीच्या डागाचं उत्तर कदाचित तिथेच आहे. पाइप शाबूत असेल तर नुसती क्लिप बदलून बघायला हरकत नाही.

रेडिएटरच्या टाकीचा सांधा गळत असेल तर दात पुन्हा आवळून किंवा एपॉक्सी लावून काही दिवस निघतात, वर्षं निघत नाहीत. तिथे नवा रेडिएटर. टायमिंग बेल्टवरचा पंप असेल तर पंप, बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) एकत्रच बदला, कारण मजुरी एकच आहे. कूलंटने भिजलेला बेल्ट परत बसवू देऊ नका. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन झडपांवर आपटतात, आणि आज तुम्ही जे टाळताय ते इंजिन खोलणं मग खरंच येतं.

भावाची भुकटी कधीकधी खरंच काम करते, रेडिएटरच्या जाळीतल्या सुईएवढ्या भोकावर. पण तिला गळती आणि अरुंद वाट यांतला फरक कळत नाही. हीटरच्या बारीक नळ्यांतही ती तशीच जाऊन बसते. आडरानात अडकलात आणि घर गाठायचंय, तर वापरा, आणि पोचल्यावर सगळं धुऊन काढा.

काकांच्या पाण्याबद्दल. रस्त्यात नाइलाज म्हणून पाणी घालायला काहीच हरकत नाही, कोरड्या इंजिनापेक्षा नळाचं पाणी शतपटीने बरं. पण तीन महिन्यांत तुम्ही सहा वेळा अर्धा-अर्धा लिटर ओतलंत. पूर्ण गाडीत साधारण पाच लिटर मावतं असं धरलं, तर मूळ कूलंट आता जेमतेम निम्मं उरलंय. त्यातली गंज रोखणारी द्रव्यंही तेवढीच पातळ झालीत. ॲल्युमिनियमला आतून गंज धरतो, नळाच्या पाण्यातले क्षार बारीक वाटांत थर धरतात, पंपाच्या सीललाही ते मानवत नाही. त्यामुळे गळती काहीही निघो, दुरुस्तीनंतर सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नवं कूलंट भरा. कोणतं, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. हिरवं, गुलाबी, नारिंगी या रंगांना काही ठरलेला अर्थ नाही, कंपनीगणिक बदलतात, आणि दोन वेगळ्या जातीची कूलंट मिसळली तर कधीकधी आत चिखल होतो. तयार मिश्रण घेतलंत तर त्यात पाणी घालू नका. घट्ट कूलंट घेतलंत तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. काढलेलं जुनं झाकणबंद कॅनमध्ये ठेवा आणि गॅरेजला द्या. गटारात किंवा झाडाच्या मुळाशी नको.

भरताना आत हवा अडकते आणि निम्म्या "दुरुस्तीनंतरही गाडी तापते" तक्रारी तिच्यामुळेच असतात. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर फिरवा, झाकण काढूनच गार इंजिन सुरू करा आणि पातळी उतरेल तसं भरत राहा. मधून-मधून वरचा पाइप दाबा, बुडबुडे निघतील. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो. तो उघडला की पातळी एकदम खाली जाते, मग पुन्हा भरा आणि झाकण लावा. काही गाड्यांत हवा सोडायला वेगळा स्क्रू असतो. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी थोडी उतरलेली दिसेल, ती उरलेली हवा. एकदा भरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरली तर मला शंका येईल.

तुमच्या त्या मध्यावरच्या काट्याबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो. काट्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. पातळी त्याच्याखाली गेली की तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा मध्यावर राहू शकतो, खालीही येऊ शकतो, इंजिन आत भाजत असताना. म्हणून गळती सापडेपर्यंत दर सकाळी पातळी बघा आणि लांबचा प्रवास टाळा. रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात लावा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय असं असेल तर कूलंट फारच कमी उरलंय, एक मीटरही पुढे जाऊ नका. तासभर तरी बॉनेटखाली हात नको, आणि तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका. हेड तडकतं किंवा वाकतं, आणि मग हेड गॅस्केट खरोखरच जातं.

पुठ्ठ्यावर सलग तीन सकाळी डाग पडू द्या, प्रत्येक डागाभोवती तारीख लिहा आणि बेल्टची बाजू कोणती ते बाणाने दाखवा. त्याचा फोटो आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवा. प्रेशर टेस्ट झाली तर सुरुवातीचा आकडा आणि पंधरा मिनिटांनंतरचा आकडा, दोन्ही कळवा.